ॲनिमेशन लघुपटावर अभिप्राय द्यायचा तर कोणत्या मार्गाने?

स्वतंत्रपणे केलेला ॲनिमेशन लघुपट ऑनलाइन पाहून झाल्यावर त्याच्या कर्त्याला काही सांगावेसे वाटले, तर प्रेक्षकापुढे साधारण चार मार्ग असतात: नुसती पसंती किंवा तारे देणे, सर्वांना दिसेल असे जाहीरपणे लिहिणे, खासगी पत्र पाठवणे, आणि कर्त्याने तशी सोय दिली असल्यास चित्रपटातील नेमक्या क्षणाला टिपण जोडणे. यांपैकी कोणताही मार्ग सरसकट चांगला नाही. आपल्याला काय म्हणायचे आहे याच्याही आधी, चित्रपट पुरा झाला आहे की अजून घडतो आहे, हे पाहावे. ॲनिमेशनमध्ये उशिरा आलेली सूचना अमलात आणायची म्हणजे बहुधा पुन्हा चित्रे काढणे आले, आणि स्वतंत्र लघुपटात ती काढणारा माणूस पुष्कळदा एकटाच असतो.

पसंती आणि तारे यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. यूट्यूबवर पूर्वी पाच तारे देता येत; बहुसंख्य लोक पाचच्या पाच देतात असे दिसून आल्यावर २०१० मध्ये ती पद्धत जाऊन पसंती-नापसंतीची बटणे आली, आणि नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा केवळ कर्त्याला दिसतो. अशा आकड्यावरून कल कळतो, कारण कळत नाही. अपवाद न्यूग्राउंड्सचा. टॉम फल्प यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या त्या संकेतस्थळावर नव्या चित्रपटाला प्रेक्षक शून्य ते पाच गुण देतात आणि सुरुवातीलाच फार कमी गुण पडले तर चित्रपट तेथून काढला जातो. तिथले मत अभिप्रायापेक्षा निवाड्याच्या जवळचे आहे. म्हणून अर्धा मिनिट पाहून ते देऊ नये.

जाहीर लेखन आणि खासगी पत्र यांतली निवड अधिक अवघड आहे. जाहीर अभिप्राय एकाच वेळी दोघांसाठी लिहिला जातो: कर्त्यासाठी आणि पुढच्या प्रेक्षकासाठी. ज्याच्या मागे वितरक नाही, जाहिरात नाही, त्या चित्रपटाला असा अभिप्राय मोठा आधार देतो, परंतु त्याला अट एकच, की तो याच चित्रपटाविषयी लिहिलेला असावा. ‘अप्रतिम’ हा शब्द कोणत्याही चित्रपटाखाली चालतो. ‘दार बंद झाल्यावर म्हातारी वळण्याआधी किंचित थांबते, तिथेच मला कळले की तिला मुलगा परत येणार नाही हे ठाऊक आहे’ असे वाक्य मात्र दुसरीकडे कुठेही चिकटवता येणार नाही, आणि ज्याने तो थांबा फ्रेम (पडद्यावर एकामागून एक झळकणारी स्थिरचित्रे) मोजून ठेवला त्याला आपले काम पोचल्याची पावती मिळते. माझ्या मते पुऱ्या झालेल्या चित्रपटाला प्रेक्षकाने द्यावयाची सर्वांत उपयोगी गोष्ट हीच: आपल्याला काय कळले, आणि ते नेमके कुठे कळले.

दोषांचे गणित वेगळे आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर सुधारित फाइल ठेवता येत नाही. नवी प्रत चढवायची तर जुन्या प्रतीचे प्रेक्षक, दुवे आणि प्रतिसाद मागे राहतात. व्हिमिओ या दुसऱ्या व्हिडिओ-संकेतस्थळावर पत्ता तोच ठेवून फाइल बदलता येते. त्यामुळे पात्राच्या शर्टाचा रंग एका दृश्यात बदलला आहे, अशी क्षुल्लक चूक यूट्यूबवर जाहीरपणे दाखवून दिली तर कर्ता ती सुधारू शकत नाही आणि पुढचा प्रत्येक प्रेक्षक मात्र ती शोधू लागतो. तीच गोष्ट व्हिमिओवरच्या कर्त्याला खासगीत कळवली तर एखाद्या वेळी ती खरोखर दुरुस्त होते. एखाद्या समाजाचे, पेहरावाचे किंवा विधीचे चित्रण चुकले असल्यासही आधी पत्र लिहिणे मला अधिक न्याय्य वाटते. उत्तर उडवाउडवीचे आले तर जाहीर बोलण्याचा मार्ग तेव्हाही मोकळा असतोच.

जाहीर मार्ग नेहमी उपलब्ध असतो असेही नाही. ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या यूट्यूब व्हिडिओंखाली २०२० च्या आरंभापासून प्रेक्षकांना काही लिहिता येत नाही. ॲनिमेशन म्हणजे मुलांचेच, हा जुना समज अजून पुसला गेलेला नसल्याने, हा अडथळा या कलाप्रकाराच्या वाट्याला जरा जास्तच येतो. अशा वेळी कर्त्याने श्रेयनामावलीत किंवा वर्णनात दिलेला संपर्क हाच एक रस्ता राहतो.

एका बाबतीत मात्र दोन्ही मार्ग एकदम वापरावेत. पडद्यावरचा झगमगाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला झटका आणू शकतो, आणि वेबच्या सुलभतेच्या प्रचलित निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारा मजकूर टाळावा असे सांगितलेले आहे. वीज, स्फोट, बिघडलेला दिवा ही ॲनिमेटरांची आवडती दृश्ये असल्याने हा धोका काल्पनिक नाही. असे दृश्य आढळले तर त्याची वेळ नोंदवून कर्त्याला लगेच कळवावे, आणि इतर प्रेक्षकांसाठी सौम्य शब्दांत जाहीर इशाराही द्यावा.

चौथा मार्ग, म्हणजे वेळेनुसार टिपणे, बहुधा अपुऱ्या चित्रपटासाठी असतो आणि तेथेच त्याचे मोल कळते. फ्रेम डॉट आयओ, सिंकस्केच किंवा व्हिमिओचे परीक्षणपान यांसारख्या सोयींमध्ये चित्रपट थांबवून त्या फ्रेमशी आपले टिपण जोडता येते. सिंकस्केचमध्ये चित्रावर रेघ ओढूनही दाखवता येते. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात एकेक चित्र सलग दोन फ्रेम तसेच धरून ठेवले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. म्हणजे तीन सेकंदांची एक हालचाल बदलायची तर एका पात्राची ३६ चित्रे पुन्हा काढायची, त्यानंतर स्वच्छ रेखाटन आणि रंग आलेच. ॲनिमॅटिकच्या टप्प्यावर, म्हणजे स्टोरीबोर्डची (दृश्यांच्या कच्च्या आराखड्याची) स्थिरचित्रे तात्पुरत्या आवाजासह कालक्रमाने लावलेली असतात तेव्हा, तेच तीन सेकंद कापणे हे काही मिनिटांचे काम असते. ‘मधला भाग रेंगाळतो’ ही सूचना ॲनिमॅटिकला सोन्यासारखी आहे. रंग भरून झाल्यावर तीच सूचना फक्त मनस्ताप देते.

या सोयीचा एक तोटाही आहे, तो प्रेक्षकाच्या बाजूचा. थांबवण्याचे बटण हाताशी आले की प्रेक्षक गोष्ट पाहणे सोडून चुका वेचू लागतो. म्हणून पहिल्यांदा चित्रपट न थांबवता पाहावा, मनात काय उरले ते दोन ओळींत लिहून ठेवावे, आणि टिपणे दुसऱ्या वेळी करावीत. शिवाय डोळ्याला खटकलेले सगळे चुकीचे असतेच असे नाही. काही कलावंत एक चित्र तीन फ्रेम धरून हालचाल मुद्दाम खडबडीत ठेवतात, आणि ओठांची हालचाल आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सुरू करणे ही तर रूढ पद्धत आहे. ‘इथे अडखळल्यासारखे वाटले’ असे टिपण कर्त्याला विचार करायला जागा ठेवते. ‘इथे फ्रेम वाढवा’ हे टिपण त्याच्या वतीने निर्णय घेऊन मोकळे होते. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत ब्रेनट्रस्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या गटाचीही रीत अशीच आहे: दोष स्पष्ट सांगायचे, परंतु सूचना मानण्याचे बंधन दिग्दर्शकावर नाही. अनुभवी व्यावसायिकांनी एकमेकांसाठी पाळलेली ही मर्यादा, कर्त्याला कधी न भेटलेल्या प्रेक्षकाला पाळायला जड जाऊ नये.

स्वतः ॲनिमेशन करणाऱ्या प्रेक्षकाने वजनाचा भास, हालचालीतील कमान, पोझची स्पष्टता यांवर जरूर लिहावे, पण टिपणांत किंवा पत्रात. जाहीर ठिकाणी असे लेखन बहुतेक वेळा कर्त्यापेक्षा लिहिणाऱ्याविषयीच अधिक सांगते. ज्याला या कलेचे तंत्र ठाऊक नाही त्याने संकोच करण्याचे कारण नाही. गोष्ट कुठे समजली नाही, हे तंत्र जाणणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, कारण रिकाम्या जागा तो सवयीने स्वतःच भरून काढतो.

कर्त्याने प्रश्नावली दिली असेल तर निवड सोपी होते: तीच भरावी. मात्र गोष्टीचा सारांश किंवा सूचक प्रश्न वाचण्याआधी आपल्याला समजलेली गोष्ट लिहून ठेवावी, कारण ‘नायिकेचा पश्चात्ताप पोचला का?’ असा प्रश्न वाचल्यावर बहुतेकांना तो पोचलेला आठवतो.

पुरा झालेला चित्रपटही सर्वस्वी बंद झालेला नसतो. सबटायटले, वर्णन आणि इशारे यूट्यूबवरही नंतर बदलता येतात, आणि परभाषेतला लघुपट पाहणाऱ्याला बहुधा तेथेच चुका आढळतात. अशी चूक खासगी पत्रानेच कळवावी आणि तीत चार गोष्टी असाव्यात: मिनिट-सेकंद, ऐकू आलेले वाक्य, पडद्यावर उमटलेली ओळ आणि आपण सुचवलेली ओळ. एवढे दिले तर कर्त्याला चित्रपट पुन्हा पाहावा लागत नाही. केवळ ‘सबटायटलांत चुका आहेत’ असे कळवले तर सगळा शोध त्याच्या माथी पडतो.