भराभर वाचणाऱ्या मुलांना थांबायला शिकवणारा वर्ग

माझी मुलगी तिसरीत आहे आणि पुस्तकांचा नुसता फडशा पाडते. शाळेत धडा सुरू व्हायच्या आधीच तिचा तो वाचून झालेला असतो, मग ती खिडकीबाहेर बघत बसते. अशाच मुलांसाठी आठवड्यातून एकदा ऑनलाइन भरणाऱ्या वाचन-लेखन वर्गात तिला घातलं होतं. सत्र नुकतंच संपलं. असा वर्ग शोधणाऱ्या पालकांसाठी सविस्तर लिहिते.

सहावी-सातवीची पुस्तकं हातात देतील, असं मला वाटलं होतं. पहिल्याच तासाला बाईंनी काढली ससा-कासवाची गोष्ट, जेमतेम अर्धं पान. मुलांनी ती डोळ्यांखालून घातली आणि "झालं!" म्हणून मोकळी झाली. बाईंनी विचारलं, "ससा आळशी होता, हे कोणत्या वाक्यावरून कळलं?" माझ्या लेकीने लगेच 'ससा झाडाखाली झोपला' हे वाक्य वाचून दाखवलं. "झोपतो तो आळशीच असतो का? दमला असेल. किंवा आपण जिंकणारच, अशी खात्री असेल." लेक पुन्हा पानाकडे वळली आणि बराच वेळ एकेक ओळ तपासत राहिली. पानावर नसलेली गोष्ट तिने मनानेच भरली होती. या मुलांचं शब्दांवाचून अडत नाही, त्यामुळे ती कुठे थांबतच नाहीत. त्यांना थांबवणारा प्रश्न काढणं फार अवघड असतं आणि या बाईंना ते उत्तम साधलंय.

येतंय तेच पुन्हा शिकवत नाहीत, हेही मला आवडलं. प्रत्येक घटकाआधी छोटी चाचणी होते. विरामचिन्हं येत असतील तर त्यांचा सराव माफ, तो वेळ स्वतः निवडलेल्या विषयावर वाचायला-लिहायला. ही कल्पना अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांच्या कामातून आलेली आहे. त्यांनी 1978 मध्ये प्रतिभेची तीन अंगं मांडली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं. आमच्याकडे तिसऱ्याचीच वानवा होती. सगळं पहिल्या फटक्यात जमत आल्यामुळे लिहिलेलं पुन्हा लिहायचं म्हटलं की हिच्या कपाळावर आठ्या.

इथे पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालत नाही. तो दुसऱ्या मुलाला वाचून दाखवायचा आणि त्याने फक्त प्रश्न विचारायचे. हिच्या गोष्टीतलं 'आजोबा खूप रडले' ऐकून समोरच्या मुलाने विचारलं, "का?" हिला कारण ठाऊक होतं, कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं. धुसफुसत का होईना, तिने तो परिच्छेद पुन्हा लिहिला, मग आणखी एकदा. शेवटच्या खर्ड्यात रडण्याचा उल्लेखच उरला नाही. आजोबा चष्मा पुसत राहतात आणि नात म्हणते, "आजोबा, तो स्वच्छच आहे." वाचून मीच गप्प झाले.

तक्रार एकच, पण मोठी. प्रवेश परीक्षा म्हणजे ठरावीक वेळात हाताने लिहायचा निबंध. लेकीचा एक मित्र तोंडी अशा गोष्टी रचतो की ऐकत राहावं, पण त्याचा हात फार सावकाश चालतो. अर्ध्या पानावर वेळ संपली आणि त्याला प्रवेश नाकारला. अशा मुलांची बुद्धी आणि हात एकाच वेगाने वाढत नाहीत, हे काही नवं नाही. 1991 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस ग्रुपने (प्रतिभावान मुलांसाठी काम करणाऱ्या पालक-तज्ज्ञांच्या गटाने) केलेली प्रतिभेची व्याख्याच या असमान वाढीवर उभी आहे. काही प्रतिभावान मुलांना डिस्लेक्सियाही, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचणही, असते. वर्गात टाइप करायची किंवा सांगून लिहून घ्यायची मुभा आहे, मग दारातच ती का नसावी? मी तसं कळवलं, उत्तर आलं ते ठरावीक साच्याचं.

परीक्षेतले गुण वाढावेत किंवा अक्षर सुधारावं म्हणून घालणार असाल, तर हा वर्ग त्यासाठी नाही. लेक पुढच्या सत्राला पुन्हा जाणार आहे. तुमच्या मुलाचा हात सावकाश चालत असेल, तर फी भरण्याआधी तोंडी परीक्षेची मागणी लेखी करा. पाच-सहा पालकांनी मागितलं तर त्यांना विचार करावाच लागेल.