पोर्तोत जाताय? आधी दर विचारा, मग छत्री झटका

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात पाऊस लागला की रिबेरा या नदीकाठच्या भागातल्या धक्क्यावर मोठमोठ्या छत्र्या घेऊन माणसं उभी राहतात. विकायला नव्हे, गिऱ्हाईक आपल्या दुकानात किंवा हॉटेलात न्यायला. हिवाळ्यात तिथे पाऊस ठरलेलाच, आणि दौरो नदीवरच्या वाऱ्यात आपली छत्री उलटी व्हायला वेळ लागत नाही. भिजलेला माणूस दारात थांबून दरपत्रक वाचत बसत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक असतं. मी आणि माझी ताई एकाच दिवसात दोन ठिकाणी अशा आत ओढल्या गेलो. दोन्हीकडची पद्धत सविस्तर लिहिते, कारण ती फार सफाईदार आहे.

पहिली जागा वाईनची. 1886 साली खुला झालेला दोम लुईस पूल ओलांडला की नदीपलीकडे गाया हे शहर. पोर्ट वाईनची जुनी तळघरं तिथेच आहेत आणि तिथल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या टेस्टिंगबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्हाला नेलं ते बाजूच्या गल्लीतल्या एका दुकानात. फळ्यावर ‘तीन ग्लास, 12 युरो’. तीन ग्लास आले, ठीक होते. पोर्ट साधी वाईन नसते. आंबवण अर्ध्यावर असतानाच तीत द्राक्षाची दारू ओततात, म्हणून गोडवा शिल्लक राहतो आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. रिकाम्या पोटी तीन ग्लास म्हणजे डोकं हलकं झालेलंच. नेमक्या त्या वेळी मालक काचेच्या सुरईतून चौथा ग्लास ओततो. “दोघी बहिणी इतक्या लांबून आलात, ही 1963ची व्हिंटेज!” व्हिंटेज म्हणजे त्या एकाच सालच्या द्राक्षांची पोर्ट.

भेट वाटावी असंच ते बोलणं. बिलात मात्र त्या ग्लासाचे प्रत्येकी 38 युरो. त्या पैशात टॉनीची, म्हणजे लाकडी पिंपात दहा वर्षं मुरलेल्या पोर्टची, अख्खी बाटली येते. एकूण 100 युरो. वर कार्डाचं मशीन त्याने स्वतःच्याच हातात धरलं, युरो की रुपये हा प्रश्न स्क्रीनवर आला तेव्हा रुपयांचं बटण स्वतःच दाबलं आणि पिन टाकण्यापुरतं माझ्यापुढे केलं. पावतीवर रुपयांचा जो दर होता तो माझ्या बँकेच्या दरापेक्षा बराच महाग. असं झालं तर पिन न टाकता व्यवहार रद्द करायला लावा आणि युरोच निवडा.

सुरईची गोम दुसऱ्या दिवशी एका खऱ्या तळघरात कळली. व्हिंटेज पोर्ट बाटलीतच म्हातारी होते, तळाशी गाळ साचतो, म्हणून ती सुरईत गाळून घेतात हे खरंच आहे. पण साठ वर्षांत तिचा लाल रंग उतरून विटकरी-तपकिरी होतो. आम्हाला मिळालेली कोकमाच्या सरबतासारखी लालभडक होती. शिवाय खऱ्या पोर्टच्या बाटलीच्या तोंडावर तिथल्या सरकारी वाईन संस्थेची क्रमांक असलेली कागदी पट्टी असते. बाटली आणि पट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुन्या सालाची वाईन घेऊ नका.

दुसरी जागा जेवणाची, रिबेराला. बसताक्षणी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणि हॅमच्या चकत्या. याला तिथे ‘कुव्हेर’ म्हणतात. मग वेटर ताटात मासे घेऊन आला. ताई रत्नागिरीची. तिने कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, रोबालो (सी बास मासा) निवडला. वेटर इतका खूश झाला, तिचं इतकं कौतुक केलं, की वजनाचा विषयच निघाला नाही. रत्नागिरीच्या बाजारात हीच बाई भाव ठरल्याशिवाय माशाला बोट लावू देत नाही! मेनूत माशापुढे बारीक अक्षरात ‘किलो’ लिहिलेलं होतं. मासा निघाला 1.4 किलोचा, 62 युरो किलोने 86.80. कुव्हेरचे 31.50. पाणी आणि दोन ग्लास वाईन धरून 136.80, त्यावर 10 टक्के सेवाशुल्क. बेरीज 150.48. आणि तो कागद बिलसुद्धा नव्हता. वर ‘कोन्सुल्ता दे मेझा’ छापलेलं होतं, म्हणजे नुसता हिशेबाचा कागद. पक्कं बिल म्हणजे ‘फातुरा’, तेच मागायचं.

इथे मात्र ताई अडून बसली. पोर्तुगालच्या 2015च्या कायद्यात स्पष्ट आहे: गिऱ्हाइकाने न मागितलेला कुठलाही पदार्थ, कुव्हेरसकट, बिलात लावता येत नाही, आणि तशी सूचना दरपत्रकात छापावी लागते. त्यांच्याही मेनूच्या शेवटच्या पानावर ती होती. ताईने त्यावर बोट ठेवलं. वेटर म्हणाला, “पण ऑलिव्ह तुम्ही खाल्ले.” ताईने आवाज न चढवता ‘लिव्ह्रो दे रेक्लामासोंइश’ मागितलं. ही तक्रारवही. तिथे प्रत्येक हॉटेल-दुकानाला ती ठेवावीच लागते, मागितल्यावर द्यावीच लागते, आणि नाही दिली तर पोलिसांना बोलावता येतं. वही आलीच नाही, मॅनेजर आला. कुव्हेर गेलं, सेवाशुल्क गेलं, 105.30 युरोंची फातुरा आली. माशाचे पैसे गेले ते गेले, कारण किलोचा दर छापलेला होता. वजन आधी सांगायला लावा, जमल्यास काट्यावर दाखवायला लावा. मासा चवीला उत्तम होता, हेही सांगून टाकते.

वाईनच्या दुकानात आम्ही परत गेलो. 1963ची बाटली दाखवा म्हटलं तर “संपली, टाकून दिली.” तक्रारवही मागितली तर ती मालकाकडे आहे म्हणे, आणि आदल्या दिवशी मालक म्हणून मिरवणारा माणूस तोच! आमची लिस्बनची गाडी होती, पोलिसांची वाट बघत थांबणं शक्य नव्हतं. ती वही ऑनलाइनही असते, म्हणून घरी आल्यावर पावतीच्या फोटोसकट तक्रार नोंदवली. बँकेने कळवलं की व्यवहार रुपयांत झालाय, पिन तुमचाच आहे, आम्ही काही करू शकत नाही. दुकानाकडून अजून उत्तर नाही.