लग्नाविना घेतलेला फ्लॅट आणि सात रस्त्याजवळचे एक वकील कार्यालय

जुळे सोलापुरातला फ्लॅट 2018 मध्ये माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या संयुक्त नावावर घेतला होता. आम्ही लग्न केले नव्हते. गेल्या वर्षी वेगळे झालो तेव्हा फ्लॅट त्याने ठेवावा आणि माझ्या हिश्श्याचे पैसे मला द्यावेत, एवढे एका संध्याकाळी ठरले. ते कागदावर यायला मात्र पाच महिने लागले. त्या कामासाठी सात रस्त्याजवळच्या ज्या वकीलबाईंकडे मी गेले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हा दोघांचे मिळून काम घेण्यास नकार दिला आणि जोडीदाराला स्वतःचा वकील पाहण्यास सांगितले. विनाकारण खर्च वाढवला म्हणून मला राग आला होता. हिश्श्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्या नकाराचा अर्थ कळला.

खरेदीखतात कोणाचा किती हिस्सा, हे लिहिलेलेच नव्हते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 45 प्रमाणे ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान धरले जातात. सुरुवातीच्या आठ लाखांत पाच माझे होते, पण कर्जाचे हप्ते त्याच्या खात्यातून जात आणि किराणा, वीजबिल, औषधपाणी माझ्या पगारातून होई. वाण्याचे बिल ही घराची किंमत धरली जाणार नाही, हे बाईंनी गोड न बोलता सांगितले. मात्र कर्ज दोघांनी घेतले असल्याने ती रक्कमही दोघांची, हा मुद्दा त्यांनी समोरच्या वकिलांपुढे नेटाने मांडला आणि अखेर निम्म्यावर तडजोड झाली. तडजोड फिसकटली असती, तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा लागला असता. फ्लॅटचे दोन तुकडे होत नाहीत. म्हणून 1893 च्या वाटणी अधिनियमाखाली निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्याने मागणी केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि दुसऱ्याला तो हिस्सा मूल्यांकनाप्रमाणे विकत मागता येतो. लग्नच नसल्यामुळे घटस्फोटाच्या दाव्यात हा प्रश्न मिटवण्याची वाट आम्हाला नव्हती. (चादरी आणि भांडी आम्ही वकिलांशिवाय वाटली.)

हक्कसोडपत्राला, म्हणजे माझा हिस्सा त्याच्या नावे सोडण्याच्या कागदाला, नाममात्र रकमेचा मुद्रांक पुरतो, असे ओळखीतल्या प्रत्येकाने ठामपणे सांगितले होते. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आणि पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, मुले अशा नात्यांतच आहे. आमच्या कागदाला सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने मुद्रांक शुल्क बसले. 23 लाखांच्या हिश्श्यावर ते लाखाच्या पुढे गेले. हा आकडा बाईंनी पहिल्या आठवड्यातच लिहून दिला, म्हणून तो कोणी भरायचा याचा वाद दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांच्या दारात झाला नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र कार्यालय कमी पडले. हक्कसोडपत्राने मालकी सुटते, सहकर्जदाराची जबाबदारी सुटत नाही. हप्ता थकला तर बँक माझ्याकडेही वसुलीला येऊ शकते. हे मला तिसऱ्या भेटीत, मसुदा तयार झाल्यावर सांगण्यात आले. आधी सही करा, नाव नंतर काढू, असे बँकेतले अधिकारी म्हणत होते. बाईंनी ते साफ नाकारले आणि माझे नाव वगळल्याचे बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय नोंदणीची तारीखच घेतली नाही, हे उत्तम झाले. पण जोडीदाराच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसते का, हे बँकेने नव्याने तपासायला अडीच महिने घेतले. तो अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला लावला असता, तर पाचाऐवजी तीन महिन्यांत काम झाले असते, असे माझे मत आहे.

कार्यालयातले कारकून नम्र आहेत, पण फोन क्वचितच उचलतात आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर मुळीच नाही. चौकशीसाठी प्रत्यक्ष जाणेच बरे. नोंदणीच्या दिवशी आधारकार्डांपासून साक्षीदारांपर्यंत सर्व तयारी त्यांनी स्वतः पाहिली आणि आम्ही तासाभरात मोकळे झालो. इंडेक्स टूची (नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत आणि सोसायटीला द्यायचे पत्र त्याच आठवड्यात हाती आले. फी 25 हजार रुपये, दोन टप्प्यांत. पावती मागितल्यावर मिळाली.