शिवभोजन थाळी : जेवण चोख, वेळ मात्र चुकीची

आमच्या एसटी स्थानकालगतच्या, सरकारी अनुदानातून स्वस्तात जेवण देणाऱ्या शिवभोजन केंद्रावर गेल्या दोन महिन्यांत मी पाच वेळा जेवलो. पहिल्या दिवशी, आपण एखाद्या गरजूच्या वाट्याचे खातो आहोत की काय, या विचाराने संकोच वाटला; परंतु येथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही, केवळ नाव विचारून मोबाइलवर छायाचित्र घेतले जाते. ताट हातात येण्यापूर्वी छायाचित्रासाठी उभे राहणे मला काही रुचले नाही, रांगेतल्या इतरांना मात्र त्याची सवय झालेली दिसली.

थाळीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भाताची एक मूद असते. भाजी बहुधा बटाट्याची किंवा कोबीची, तिखट बेताचे. भात मोकळा आणि गरम. वरण कधी दाट, तर कधी डाळ शोधावी लागेल इतके पातळ. नियमाप्रमाणे चपाती तीस ग्रॅमची, म्हणजे घरच्या फुलक्याएवढीच असते. खुर्चीत बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याचे तेवढ्यात भागते. दिवसभर पार्सलची पोती उचलणाऱ्या माझ्या शेजारच्या तरुणाचे भागत नव्हते, आणि एका माणसाला एकच थाळी मिळते. तरीही 26 जानेवारी 2020 रोजी योजना सुरू झाली तेव्हा शहरांसाठी एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता, त्यांतले दहा ग्राहकाचे व चाळीस सरकारचे, हे लक्षात घेता स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या महिलांना मी पूर्ण गुण देईन.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. केंद्र दुपारी बारा वाजता उघडते आणि ठरलेल्या थाळ्या दीडच्या सुमारास संपतात. नेमक्या याच वेळेत घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांना सर्वाधिक ऑर्डर मिळतात, त्यामुळे दुसऱ्याची बिर्याणी पाठीवर घेऊन ते या केंद्रासमोरून जातात आणि तीन वाजता वडापाववर भागवतात. बारा तासांची पाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला बदली माणूस आल्याशिवाय फाटक सोडता येत नाही. समोरच्या संकुलातील एक रक्षक मला म्हणाला, “साहेब, थाळी दहा रुपयांची आहे, पण तिच्यासाठी फाटक सोडलं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो.”

दुसरी अडचण घरकाम करणाऱ्या महिलांची. टाळेबंदीच्या काळात थाळी बांधून मिळत असे. आता येथेच बसून जेवावे लागते. चार घरची भांडी उरकून आलेल्या एका मावशी रांगेतून परत फिरल्या, कारण शाळेतून आलेली दोन मुले घरी वाट पाहत होती आणि त्यांना मागे ठेवून एकटीने जेवणे त्यांना पटेना. योजना माणशी आखलेली आहे. भूक मात्र घरटी असते, आणि डबा भरून देण्याची सोय झाली तर हा प्रश्न बराचसा सुटेल. संध्याकाळी सात ते नऊ अशी दुसरी फेरी ठेवली, तर वर सांगितलेले रक्षक आणि घरपोच जेवण पोहोचवणारी मुलेही जेवू शकतील.

जाणाऱ्यांनी सव्वाबाराच्या आत पोहोचावे व दहा रुपये सुटे न्यावेत. हात धुण्याच्या नळाला पाण्याची धार बारीक आहे. पिण्याचे पाणी स्वतःचे नेलेले बरे.