लॅपटॉपच्या पंख्याची घरघर: कूलिंग पॅड, लॅमिंग्टन रोड आणि चार ग्रॅम पेस्ट

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी गेली काही वर्षे डोंबिवलीतील घरातून, रात्री दहानंतर रस्ता जरा निवल्यावर, करत आलो आहे. त्यामुळे लॅपटॉपचा पंखा वाजू लागला, तेव्हा माझी केवळ झोपमोड झाली नाही, तर केलेले काम वाया जाऊ लागले. इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण वाचून झाल्यावर ऐकले, तर प्रत्येक वाक्याच्या मागे कोणीतरी दूरवर पिठाची गिरणी चालवत असल्यासारखा आवाज होता. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीमध्ये पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्याची सोय आहे. परंतु ती आवाजाचा एक नमुना घेऊन तेवढाच वजा करते, आणि माझा पंखा दर दोन मिनिटांनी वेग बदलत असल्यामुळे पहिल्या परिच्छेदाचा नमुना तिसऱ्या परिच्छेदाला लागू पडत नसे. या आवाजावर वर्षभरात मी जे जे विकत घेतले आणि जिथे जिथे लॅपटॉप दाखवला, त्याचा हा अनुभव आहे.

लॅपटॉप २०१८ सालचा आहे. त्यात इंटेलचा कोअर आय५-८२५०यू हा प्रोसेसर आहे, आणि त्याचा स्वभाव समजल्याशिवाय पंख्याचा आवाज समजत नाही. हा चार गाभ्यांचा प्रोसेसर मूळ १.६ गिगाहर्ट्‌झ वेगाने चालतो व कंपनीच्या आकड्यांनुसार १५ वॅट उष्णतेच्या हिशेबाने बनवलेला आहे. मात्र काम पडताच तो ३.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत झेप घेतो, आणि त्या झेपेत १५ वॅटची मर्यादा काही काळ खुशाल ओलांडतो. वेग वाढवताना त्याला व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दुप्पट वेगासाठी दुपटीहून बरीच अधिक उष्णता निर्माण होते. एखादे संकेतस्थळ उघडले, की तापमान काही सेकंदांत वीस अंशांनी चढते, पंखा धावून येतो, आणि पान उघडून झाले तरी तो दम खात फिरतच राहतो. कानाला सर्वाधिक खुपतो तो हा चढउतार. एकाच सुरात चालणाऱ्या छताच्या पंख्याखाली आपण निवांत झोपतोच की.

सर्वप्रथम मी बहुतेक लोक करतात तेच केले: सुमारे बाराशे रुपयांचे, पाच पंख्यांचे आणि निळ्या दिव्यांचे कूलिंग पॅड मागवले. या वस्तूविषयी मला फारसे चांगले लिहिता येणार नाही. पहिली अडचण विजेची. हे पॅड लॅपटॉपच्याच यूएसबी जोडणीवर चालते; जुन्या पद्धतीची यूएसबी जोडणी ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट वीज देते, आणि ती पाच पंखे व दिव्यांची रांग यांच्यात वाटली, की प्रत्येक पंख्याच्या वाट्याला फुंकर घालण्याइतकेच बळ उरते. दुसरी अडचण जागेची. माझ्या लॅपटॉपची हवा आत घेण्याची झडप तळाला, डाव्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ आहे; पॅडचा मोठा पंखा मात्र बरोबर मधोमध, म्हणजे बॅटरी आणि हार्ड डिस्क यांच्या खाली येतो. त्याने टाकलेली हवा प्लॅस्टिकवर आपटून चहूकडे पसरते, आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या ज्या तांब्याच्या नळीला तिची गरज आहे तिच्यापर्यंत फारच थोडी पोहोचते. मी तासभर समान काम देऊन तापमान पाहिले: पॅडशिवाय ९४ अंश, पॅड चालू असताना ९०. मग पॅडचे पंखे बंद करून लॅपटॉप नुसता त्याच्या तिरप्या जाळीवर ठेवला, तर ९१. शेवटी पॅड बाजूला सारून मागच्या बाजूला दोन जाडजूड शब्दकोश ठेवले, तरीही ९१! म्हणजे बाराशे रुपयांपैकी बहुतेक काम तिरकेपणा करत होता, आणि तो घरात आधीपासून होता.

आवाजाच्या बाबतीत तर हे पॅड उलटच ठरले, कारण एका पंख्याच्या जागी आता सहा पंखे फिरू लागले. शिवाय पॅड आणि मायक्रोफोन एकाच बाजूच्या शेजारच्या जोडण्यांवर लावले, की ध्वनिमुद्रणात एक बारीक गुणगुण उमटू लागली. ज्यांच्या लॅपटॉपची झडप तळाच्या मध्यभागी आहे, आणि ज्यांना खेळ खेळताना कानावर हेडफोन असल्यामुळे आवाजाची तमा नाही, त्यांना या पॅडचा उपयोग होईलही. घेण्यापूर्वी लॅपटॉप उलटा करून झडप कुठे आहे ते पाहावे, एवढेच सांगतो.

त्यानंतर पैसे न लागणारा उपाय केला. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनलमधील ऊर्जेच्या प्रगत मांडणीत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर आणली. वरवर पाहता एका टक्क्याचा फरक हास्यास्पद वाटतो. परंतु त्या एका टक्क्याने वर सांगितलेली झेपच बंद होते आणि प्रोसेसर आपल्या मूळ वेगाच्या आसपास राहतो. मजकूर वाचणे, आवाज मुद्रित करणे, पत्रे लिहिणे यांत मला काहीही फरक जाणवला नाही. मुद्रण पूर्ण झाल्यावर धारिका एमपी३ स्वरूपात काढताना मात्र पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, तेव्हा मी तो आकडा पुन्हा १०० करून स्वयंपाकघरात चहा ठेवायला जातो. या एका बदलाने पंख्याचे दोन मिनिटांनी उसळणे थांबले. घरघर मात्र राहिली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मी दोन वेगळ्या आवाजांना एकाच नावाने शिव्या देत होतो.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो, तर काउंटरवरच्या तरुणाने लॅपटॉप सुरूही न करता पंखा, तांब्याची नळी आणि जाळी हा पूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगून जो आकडा लिहून दिला, तो पाहता यंत्राच्या आजच्या किमतीची अर्धी रक्कम त्यातच गेली असती. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या मंगळवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो.

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. संगणकाच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची ही मुंबईतील जुनी बाजारपेठ आहे. मी गेलो ते दुकान एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दोन टेबले आणि एक बाकडे मावेल एवढेच आहे. तिथल्या कारागिराने लॅपटॉप सुरू केला, कान झडपेजवळ नेला, मग यंत्र हळूच एका बाजूवर उभे केले आणि पुन्हा ऐकले. उभे करताच घरघर बदलली. “सर, वाऱ्याचा आवाज वेगळा आणि हा वेगळा. बेअरिंग गेलंय. पण आधी साफ करून बघू, पंखा टाकायची घाई नको,” असे तो म्हणाला. वर्षभरात यंत्राकडे नुसते न पाहता ते कान देऊन ऐकणारा हा पहिलाच माणूस होता.

त्याने सांगितलेला फरक पुढे मला घरी पडद्यावरही दिसला. वाऱ्याचा आवाज सगळ्या पट्टीत पसरलेला, सळसळणारा असतो, आणि तो वेगावर फार अवलंबून असतो: पंख्याचा वेग २० टक्क्यांनी घटला, तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्मा वाटतो. बेअरिंगची घरघर मात्र फेऱ्यांशी बांधलेली असते. मिनिटाला ४,५०० फेरे म्हणजे सेकंदाला ७५. माझ्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे याचा आलेख, काढला, तेव्हा त्याच भागात आणि त्याच्या पटीत टोके उभी राहिलेली होती. वेग कमी केल्याने ही टोके नुसती सरकतात, जात नाहीत. लॅपटॉपच्या बारीक पंख्यात बहुधा साधे नळीवजा बेअरिंग असते. त्यातले तेल उष्णतेने सुकले, की कणा डगमगू लागतो.

तळाचे झाकण काढल्यावर त्याने सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली, आणि तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पंखा उचलल्यावर जे दिसले ते मात्र लाजिरवाणे होते. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत धूळ, केस आणि कापसाचे तंतू यांचा दाबून बसवलेला, करड्या रंगाचा घोंगडीसारखा थर होता. कारागिराने तो चिमट्याने अखंड उचलून टेबलावर ठेवला. बाहेरून फुंकणीने हवा मारली असती, तर हा थर जाळीवरून सुटून पंख्याच्या पात्यांत अडकला असता. उष्णतेचा मार्ग एवढा सरळ आहे, की तो कुठे तुंबतो हे एकदा पाहिल्यावर विसरत नाही: प्रोसेसरवर उष्णता पुढे पोहोचवणाऱ्या पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, तिला जोडलेली चपटी पोकळ नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जाळी. नळीच्या आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला वाफ पुन्हा पाणी होते, आणि ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. जाळीच चोंदलेली असेल, तर गार टोक गार राहत नाही, आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी तो भिंतीवर डोके आपटत राहतो.

साफसफाईनंतर तेच तासाभराचे काम ९४ ऐवजी ७८ अंशांवर आले. पंखा मात्र घरघरतच होता, म्हणून तो बदलला. एकंदर खर्च एकोणीसशे रुपये: सफाईचे आठशे, पंख्याचे अकराशे. नवीन पंखा मूळ कंपनीचा नसून त्याच मापाचा पर्यायी आहे, हे त्याने स्वतःहून सांगितले. जुना पंखा मागितल्यावर परत दिला. न मागता दिला असता तर अधिक बरे वाटले असते. पावती साध्या कागदावर मिळाली आणि हमी तोंडी तीन महिन्यांची होती, हेही नोंदवले पाहिजे. आणखी एक तक्रार आहे: त्याने लावलेली पेस्ट मोठ्या डबीतली, पांढरी, नाव नसलेली होती. सात-आठ महिन्यांत तापमान पुन्हा ८७ अंशांवर गेले, जाळी मात्र या वेळी स्वच्छ होती.

म्हणून या खेपेस मी आर्क्टिक कंपनीची एमएक्स-४ ही पेस्ट, चार ग्रॅमची नळी, स्वतः आणली. ती धातूविरहित असल्यामुळे वीज वाहून नेत नाही. नवख्याच्या हातून थोडी बाजूला सांडली, तरी सर्किट जळण्याची भीती नाही, आणि माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. एका खेपेला मटारच्या दाण्याहून कमीच लागते, तेव्हा चार ग्रॅममध्ये घरातली सगळी यंत्रे होऊन नळी उरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड यांनी पुसली, पट्टीवरचे स्क्रू त्यांच्या शेजारी कोरलेल्या आकड्यांच्या क्रमानेच थोडे थोडे आवळले, आणि पात्यांवर हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, कारण मोकळा सोडल्यास तो नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंगलाच इजा करतो. तळाच्या झाकणाचे स्क्रू दोन लांबींचे असतात, हे मला झाकण लावताना कळले. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातल्यामुळे हातटेकणीजवळ एक बारीक उंचवटा आला आहे, तो आता कायमचाच.

आजचे तापमान ७४ अंश आहे, आणि प्रोसेसर ९९ टक्क्यांवर ठेवून वाचन करताना पंखा बहुतेक वेळ फिरतच नाही. नव्या पंख्याची शिट्टी जुन्यापेक्षा किंचित वरच्या पट्टीतली आहे. ती पूर्ण वेगातच ऐकू येते, आणि पर्यायी मालाकडून मी तेवढे चालवून घेतो. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवणे घरात सर्वांना बंद करायला लावले आहे, कारण त्या करड्या घोंगडीतले तंतू बहुतेक तिथूनच आले होते.

बेअरिंग वाजत असेल, तर लॅमिंग्टन रोडवरील अशा एखाद्या छोट्या दुकानात जाण्यास माझी काहीही हरकत नाही; पेस्ट मात्र आपली घेऊन जावी आणि समोर बसून ती लावून घ्यावी. त्या कारागिराला याचा राग येत नाही, मी विचारून पाहिले आहे. दुकान रविवारी बंद असते, आणि शनिवारी दुपारनंतर गेल्यास बाकड्यावर बसायला जागा मिळत नाही.