कार्बन डायऑक्साइड मीटर: शाळेसाठी घ्यावा का?

मी चंद्रपुरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कुणी ना कुणी कोळसा खाणीत नाहीतर 'थर्मल'मध्ये, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात, कामाला आहे. त्यामुळे 'तापमानवाढ माणसामुळे होते' असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कशावरून?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठीच हा मीटर ऑनलाइन मागवला, साडेपाच हजारांना.

घेताना आधी 'एनडीआयआर' सेन्सर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा, आहे ना, हे बघा. स्वस्तातले बरेच मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत; हवेतल्या इतर वाफांवरून अंदाजे आकडा दाखवतात. पारख सोपी आहे. सॅनिटायझर लावलेला हात जवळ न्या. आकडा एकदम उसळला तर मीटर परत पाठवा.

एनडीआयआरची रचनाच मला सगळ्यात मोलाची वाटते. आत एक छोटी नळी असते. एका टोकाला अवरक्त किरण सोडणारा दिवा, दुसऱ्या टोकाला ते मोजणारा डोळा. मधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितके किरण वाटेतच शोषले जातात. जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत हाच गुण मोजला होता. जमिनीतून वर जाणारी उष्णता हा वायू अडवतो तीही याच गुणामुळे. फक्त तिथे किरणांचा पट्टा वेगळा, 15 मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे या वायूने उष्णता शोषली नसती, तर हा मीटर चाललाच नसता. हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन उभी राहिली.

डिसेंबरात थंडीमुळे खिडक्या बंद असतात. भरलेल्या वर्गात तास संपेपर्यंत आकडा 2000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढे जातो. खिडक्या उघडल्या की बघता बघता उतरतो. एकाने मीटरवर फुंकर मारली, तर 5000 वर जाऊन अडकला. मीटरची धाव तेवढीच, आणि उच्छ्वासात हा वायू 40,000 पीपीएमच्या घरात असतो. लगेच एका मुलीने विचारलं, "मग आपल्या श्वासानेच पृथ्वी तापते का?"

तो तास त्या प्रश्नातच गेला. आपण सोडतो तो कार्बन भातातून आलेला असतो, आणि धानाने तो गेल्या खरिपात हवेतूनच घेतलेला असतो. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. आपल्याकडच्या खाणीतला कोळसा मात्र 25 कोटी वर्षांहून जुना. तो जाळला की जमिनीत पुरलेला कार्बन नव्याने हवेत येतो. त्याची ओळखही पटते: कार्बनचे दोन जड प्रकार असतात, कार्बन-13 आणि कार्बन-14. इतक्या जुन्या कोळशात कार्बन-14 उरलेला नसतो आणि कार्बन-13 चं प्रमाण कमी असतं. हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्हींचं प्रमाण जीवाश्म इंधनाच्या धुराने घटत आलं आहे. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. तो तर थंड होतो आहे. कुणाच्या वडिलांच्या नोकरीवर बोट ठेवायला मी हे शिकवत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगते. त्या विजेवर आपल्या सगळ्यांच्याच घरचे पंखे आणि कूलर चालतात.

आता उणिवा. मीटरची अचूकता साधारण 50 पीपीएम कमी-जास्त अशी आहे. हवेतली खरी वाढ वर्षाला दोन-तीन पीपीएमची, ती यावर कधीच दिसणार नाही. त्यासाठी हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेच्या नोंदीच लागतात: 1958 मध्ये सुमारे 315, आता 420 च्या वर. उद्योगयुगाआधीचा 280 हा आकडा बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून मिळालेला. मुलांना आलेखपेपरवर हे आकडे मांडायला दिले की मीटरची ही उणीव भरून निघते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे 400, असं धरून मीटर स्वतःला जुळवून घेतो. मौना लोआच्या दिवसाच्या सरासरीने 400 चा टप्पा मे 2013 मध्येच गाठला. आजची मोकळी हवासुद्धा त्याहून वर आहे, तरी कंपनीचं 'शुद्ध हवा म्हणजे 400' हे गणित तसंच राहिलंय. शिवाय मीटर सतत बंद खोलीत राहिला तर आकडे आणखी चुकतात. आठवड्यातून एकदा तो मोकळ्या हवेत ठेवावाच लागतो. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, त्यात यातलं काहीच नाही. बॅटरी अर्धी शाळाही पुरत नाही. धोक्याची शिट्टी परीक्षेच्या वेळी बंद ठेवा.

घरातली हवा खेळती आहे का, एवढंच बघायचं असेल तर खिडकी उघडी ठेवा, पैसे वाचतील. शाळेसाठी मात्र जरूर घ्या. आमच्या मुख्याध्यापकांनी दुसरा घ्यायला होकार दिलाय. या वेळी ही आपोआप जुळणी बंद करून आकडा हाताने बसवता येईल, असाच घेणार आहे.