पाच तारे मीही दिले होते

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मनासारखा फोन घेतला आणि महिनाभर त्यात डोकं घालून बसलो. कॅमेऱ्यातच कागद स्कॅन करायची सोय असते, पान वाकडं धरलं तरी फोन ते सरळ करून देतो, हे कळल्यावर डोक्यात एक किडा शिरला. माझ्या तीस वर्षांच्या रोजनिश्या ट्रंकेत पडून होत्या. अकरा वह्या, त्यातल्या दोघीतिघींना वाळवी लागलेली. म्हटलं, सगळ्या फोनात उतरवू आणि ट्रंक मोकळी करू.

फोनची जागा निम्मी आधीच भरलेली होती. सिमच्या ट्रेमध्ये दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड बसतं हा शोधही तेव्हाच लागला. मग ऑनलाइन 512 जीबीचं कार्ड मागवलं. इतरांपेक्षा निम्म्याहून स्वस्त होतं आणि खाली पाच ताऱ्यांची रांग लागली होती. त्याच विक्रेत्याकडून एक पॉवर बँक आणि जलद चार्जिंगची केबलही घेतली. एकदा हात सैल सुटला की सुटतोच.

कार्ड आलं, फोनने लगेच ओळखलं, 512 दाखवलं. कॉम्प्युटरला लावलं तर 476 दिसले, तेव्हा मात्र मी चमकलो आणि भाच्याला फोन केला. तो हसला. "मामा, कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर 1024च्या. खरं कार्डसुद्धा एवढंच दाखवतं." बरोबर होतं त्याचं. म्हणजे शंका घेतली ती नेमकी नको तिथे. समाधान झालं आणि त्याच संध्याकाळी मी विक्रेत्याला पाच तारे देऊन टाकले. ‘पॅकिंग छान, लवकर आलं’ असं लिहिलंही.

मग आधी गाणी टाकली, जुने व्हिडिओ टाकले, सहलींचे फोटो टाकले. त्यानंतर रोज तासभर वह्या. चाळीस-पन्नास पानं झाली की ती फोनमधून कार्डावर हलवायची. हा शब्द नीट वाचा: हलवायची. ‘कॉपी’ केली असती तर फोनातही एक प्रत राहिली असती. ‘मूव्ह’ केलं की मूळ जागची फाइल जाते. मला जागाच मोकळी करायची होती, त्यामुळे मी मोठ्या शिस्तीने मूव्ह करत गेलो. गॅलरीत पानांची छोटी चित्रं दिसत होती, ती बघून नऊ वह्या रद्दीत दिल्या.

चारेक महिन्यांनी एक जुनी तारीख शोधायला एक पान उघडलं. वरची दोन बोटं जागा दिसली, खाली सगळं करडं. पुढचं पान उघडलंच नाही. त्यापुढचंही नाही. फायलींची नावं होती, आकार होते, तारखा होत्या. आत काही नव्हतं.

भाचा आला आणि त्याने कार्डावरचं जे वाचता येत होतं ते आधी बाजूला काढून घेतलं. मग एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून ताडून बघतो. दुपारी लावलेला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालला. निकाल: जेमतेम 29 जीबी ठीक, बाकी गायब. म्हणजे मूळचं ते 32 जीबीचं कार्ड.

त्याने समजावलं ते असं. कार्डाच्या आत साठवणीची चिप असते आणि तिच्यावर देखरेख करणारा एक छोटा कंट्रोलर असतो. त्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फोन विचारतो, जागा किती? तो म्हणतो, 512. खऱ्या जागेपर्यंत सगळं नीट साठतं. त्यापुढे येणारं कार्ड घेतल्यासारखं करतं आणि सोडून देतं, नाहीतर आधीच्यावरच लिहीत सुटतं. फायलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं शाबूत राहतात. आणि गॅलरीतली ती छोटी चित्रं? ती फोनने स्वतःकडे जपून ठेवलेली असतात. ज्यांच्या भरवशावर मी वह्या दिल्या, ती कार्डावरची नव्हतीच.

गेलेलं परत मिळवून देणारे असतात, त्यांनाही विचारलं. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "पुसलेलं शोधता येतं, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणू?"

सगळ्यात चीड आली ती नंतर. भाच्याने कार्ड भिंगाखाली धरलं. 512च्या शेजारी ‘एसडीएचसी’चं चिन्ह छापलेलं होतं. एचसी हा प्रकार 32 जीबीपर्यंतच असतो, त्याच्या पुढे ‘एक्ससी’ लागतं. लबाडी नखाएवढ्या अक्षरांत कार्डावरच लिहिलेली होती आणि मी ते कार्ड किमान दहा वेळा हातात घेतलं होतं.

मग पॉवर बँकेकडे वळलो. ती फोन दीडदा चार्ज करून मान टाकायची आणि मला वाटायचं, माझ्याच फोनची बॅटरी मोठी असेल. वर लिहिलेलं 30,000 एमएएच, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. आता खरी पॉवर बँकही लिहिलेलं सगळं देत नाही. तो आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टचा असतो. फोनला 5 व्होल्टने देताना तो घटतो, वर थोडी उष्णतेत जाते. म्हणून चांगल्या कंपन्या बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्षात बाहेर मिळणारी क्षमता, वेगळी देतात. यावर तसं काही नव्हतं. भाच्याने ती वजनकाट्यावर ठेवली: 190 ग्रॅम. अशा पॉवर बँकेत बऱ्याचदा जे गोल 18650 सेल असतात, त्यातला एक चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास भरतो आणि त्याचं वजन 45 ते 50 ग्रॅम असतं. तीस हजारांना नऊ सेल तरी हवेत. चारशे ग्रॅम तर नुसते सेलच झाले. ती उघडून बघायचा मोह झाला होता, पण लिथियमच्या सेलला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नसतो. ती मी ई-कचऱ्यात दिली. केबलबद्दल काय बोलायचं, 65 वॉट छापलं होतं आणि 60च्या वर जायला केबलमध्ये जी ओळख सांगणारी चिप लागते तीच तिच्यात नव्हती.

माल परत करायची मुदत दहा दिवसांची होती. या धंद्याचं सगळं गणित त्यात आहे. दहा दिवसांत 512 जीबी कोण भरतं? तारे आपण पहिल्याच संध्याकाळी देतो, कार्ड उघडं पडतं चार महिन्यांनी. त्यामुळे खालचे अभिप्राय खोटेच असतात असं नाही. माझा तरी खरा होता. पॅकिंग छानच होतं. आता घरात कुठलंही कार्ड किंवा पेन ड्राइव्ह आलं की त्याच दिवशी ते काठोकाठ भरून तपासतो, मगच त्यावर कामाचं काही ठेवतो.

परवा तारे मागे घ्यायला म्हणून त्या पानावर गेलो. पान तेच होतं, फोटो बदलला होता. आता तिथे 1 टीबीचं कार्ड होतं, किंमत आणखी उतरलेली. खाली माझे पाच तारे आणि ‘पॅकिंग छान, लवकर आलं’ जसंच्या तसं. ते पुसून एक तारा ठेवला आणि वरचं सगळं थोडक्यात लिहिलं. माझ्या खाली त्याच दिवशीचा दुसरा अभिप्राय होता: ‘आजच मिळालं, मस्त.’